भिंतीवर चढण्याआधीचे चित्र

मागच्या वर्षी उन्हाळ्यातल्या एका शनिवारी मी पश्चिम फिलाडेल्फियात, आमच्या वस्तीतल्या चर्चच्या तळघरात बसून एक मनगट रंगवत होते. टेबलावर पाच फूट लांब आणि तेवढाच रुंद असा पांढऱ्या कापडाचा चौकोन पसरला होता. त्यावर नकाशातल्या तालुक्यांच्या सीमांसारख्या वेड्यावाकड्या रेषा पेन्सिलीने काढलेल्या होत्या आणि प्रत्येक रेषेच्या आत एकेक आकडा लिहिलेला होता. माझ्या वाट्याला १४ क्रमांकाचा गडद तपकिरी रंग आला होता. इतक्या जवळून मनगट दिसतच नव्हते, नुसते रंगाचे तुकडे दिसत होते, आणि त्या तपकिरी पट्ट्याच्या मधोमध वीतभर लांबीचा, ३१ क्रमांकाच्या फिकट गुलाबीसर रंगाचा एक तुकडा मला सारखा खटकत होता. आकडा चुकला असावा असे समजून मी चित्रकाराच्या सहायिकेला बोलावले. तिने मूळ छायाचित्र आणून दाखवले. तो भाजल्याचा जुना व्रण होता, आणि ज्यांच्या हातावर तो आहे त्या बाई आमच्यापासून सहा घरे सोडून राहतात.

या शहरात राहायला आल्यापासून मी भित्तिचित्रे रोज पाहत होते, पण ती तयार कशी होतात याचा विचार कधी केला नव्हता. परांचीवर उभा राहून चित्रकार थेट भिंतीवर रंग लावत असेल, एवढीच माझी समजूत होती. तसेही काम होते. मात्र इथल्या अनेक मोठ्या चित्रांचा बराचसा भाग आधी कापडावर रंगवला जातो. या कापडाला सगळे जण पॅराशूट क्लॉथ म्हणतात. प्रत्यक्षात ते पॉलिएस्टरच्या तंतूंचे, न विणलेले, पातळ कापड असते. चित्रकार आपल्या लहान आराखड्यावर चौकोन आखतो, आराखड्यातला एक इंच म्हणजे भिंतीवरचा एक फूट अशा प्रमाणात चित्र मोठे करतो आणि प्रत्येक चौकोनासाठी कापडाचा एकेक तुकडा तयार करून त्यावर रंगांचे क्रमांक घालतो. त्यामुळे ज्याने आयुष्यात कधी ब्रश हातात धरला नाही असा माणूसही चेहऱ्याचा एखादा भाग नीट रंगवू शकतो. रंगवून झालेले तुकडे अ‍ॅक्रिलिक जेलने भिंतीला चिकटवतात, खाली राहिलेली हवा दाबून बाहेर काढतात, सांध्यांवर पुन्हा रंगाचा हात फिरवतात आणि वरून ऊन-पावसापासून जपणारा थर देतात. कापड इतके पातळ असते की भिंतीचा खडबडीतपणा त्यातून वर उमटतो, आणि खालून पाहणाऱ्याला सांधा कुठे आहे ते सापडत नाही.

या पद्धतीचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण वेगळाच आहे. ज्यांना भिंतीपर्यंत येता येत नाही त्यांच्यापर्यंत भिंत जाऊ शकते. आमच्या तळघरात ऐंशी वर्षांच्या आजीबाई होत्या, चाकाच्या खुर्चीत बसलेले एक गृहस्थ होते, आणि ब्रश मुठीत धरणारी सहा-सात वर्षांची मुले होती; यांतल्या कोणालाही परांचीवर चढवता आले नसते. शहराबाहेरच्या ग्रेटरफर्ड तुरुंगातल्या कैद्यांनी असेच कापड तुरुंगाच्या आत रंगवले आणि २००४ च्या सुमारास ते जर्मनटाउन अ‍ॅव्हेन्यूवरच्या भिंतींवर चढले. तिथे दोन चित्रे आहेत: एकात कैद्यांचा प्रवास आहे आणि दुसऱ्यात गुन्ह्यांची झळ बसलेल्या कुटुंबांचा. या कामासाठी दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांशी बोलली होती. मी ती चित्रे पाहायला मुद्दाम गेले, तेव्हा वरच्या प्रत्येक चौकोनाचा रंग कोणी तरी गजांआड बसून लावला आहे, आणि त्यातल्या अनेकांनी ही भिंत कधी पाहिलीही नसेल, या जाणिवेने बराच वेळ तिथून पाय निघाला नाही.

फिलाडेल्फियात एवढ्या उघड्या भिंती का आहेत, याचे उत्तर शहराच्या इतिहासात आहे. इथली घरे ओळीने एकमेकांना चिकटून बांधलेली आहेत. दोन घरांत एकच भिंत असते. १९५० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २० लाख ७१ हजार होती. कारखाने बंद पडत गेले, माणसे उपनगरांत गेली आणि २००० पर्यंत ती १५ लाख १७ हजारांवर आली. ओस पडलेली घरे पाडली गेली. ओळीतले एक घर पाडले की शेजारच्या घराची, कधीही उजेड न पाहिलेली भिंत अचानक रस्त्यासमोर येते, आणि तिच्यावर गेलेल्या घराच्या जिन्याची तिरपी खूण आणि खोल्यांच्या रंगांचे पट्टे तसेच राहतात. म्हणजे चित्र येण्यापूर्वीही त्या भिंतीवर कोणाचे तरी आयुष्य असतेच. आम्ही ज्या भिंतीसाठी कापड रंगवत होतो तिच्यावर गिलावा होण्यापूर्वी दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर फिकट निळ्या रंगाचा एक मोठा चौकोन होता. ती कोणाची निजायची खोली होती हे गल्लीतल्या जुन्या लोकांना अजून सांगता येते.

शहराच्या आजच्या भित्तिचित्र-उपक्रमाची सुरुवात १९८४ मध्ये झाली. महापौर विल्सन गुड यांनी भिंतींवर नावे रंगवत फिरणाऱ्या मुलांना त्यापासून परावृत्त करण्यासाठी एक मोहीम काढली आणि जेन गोल्डन या चित्रकर्तीला त्या मुलांबरोबर काम करायला नेमले. ही मुले हातात स्प्रेचा डबा घेऊन अंधारात बोगद्यांमधून आणि छपरांवरून फिरत असली, तरी त्यांच्या हातात चित्रकला आहे हे गोल्डन यांनी ओळखले. १९९६ मध्ये या कामाला स्वतंत्र रूप मिळाले. आज ‘म्युरल आर्ट्स फिलाडेल्फिया’ या नावाने ते चालते आणि त्यातून ४,००० हून अधिक कलाकृती उभ्या राहिल्या आहेत.

आता आमच्या भिंतीकडे येते. तिच्यासाठी पहिली सभा झाली तेव्हा चित्रकाराने एक सुरेख आराखडा आणला होता. त्यात ट्रॉली म्हणजे रस्त्यावरची ट्राम होती, झाडे होती आणि मधोमध गायक-नट पॉल रोबसन होते. रोबसन यांनी आयुष्याची शेवटची दहा वर्षे, १९६६ ते १९७६, आमच्याच भागातल्या वॉलनट स्ट्रीटवर बहिणीच्या घरी काढली, म्हणून निवड अगदी योग्य होती. माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या बाईला तर तो आराखडा पाहून अभिमानच वाटला. परंतु मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, “रोबसनसाहेबांची भिंत चेस्टनट स्ट्रीटवर आहे, आम्ही तिथे जाऊन त्यांना नमस्कार करतो. ही गल्ली ज्यांनी टिकवली त्यांची भिंत कुठे आहे?” सभागृहात क्षणभर शांतता पसरली, आणि मग सगळे एकाच वेळी बोलू लागले.

त्यांना म्हणायचे होते आमच्या ब्लॉक कॅप्टनबाईंविषयी. फिलाडेल्फियात गल्लीतला एखादा रहिवासी पुढाकार घेऊन ब्लॉक कॅप्टन होतो; साफसफाईचे दिवस ठरवणे, शहराच्या कार्यालयांकडे तक्रारी नेणे, उन्हाळ्यात मुलांना खेळण्यासाठी रस्ता बंद करण्याची परवानगी काढणे ही कामे तो विनामोबदला करतो. आमच्या बाईंनी हे काम तीस वर्षांहून अधिक काळ केले. अर्ध्या गल्लीच्या घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत, कारण शाळेतून लवकर आलेले मूल, पाय घसरून पडलेली आजी, फुटलेला नळ, अशा प्रत्येक वेळी धावून जाणारे माणूस तेच होते. मी इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात आजारी पडले, तेव्हा दार उघडून सूपचे भांडे आत ठेवणाऱ्याही त्याच.

बाई स्वतः मात्र या सूचनेने नाराज झाल्या. पुढच्या सभेत उभ्या राहून त्यांनी स्वच्छ सांगितले की आपला चेहरा तीन मजले उंच लावलेला आपल्याला चालणार नाही, कारण आपण एकट्याने काहीही केलेले नाही. रस्ता झाडणाऱ्या चौघी होत्या, शाळेपाशी मुलांना रस्ता ओलांडून देणारी एक होती, आणि त्यातल्या दोघी आता या जगात नाहीत. वाद बराच लांबला आणि त्यानंतर आणखी दोन सभा झाल्या. शेवटी चित्रकाराने आपला आराखडा बाजूला ठेवला आणि नवा केला. त्यात चेहरे नाहीत. सहा स्त्रियांचे हात आहेत आणि किल्ल्यांचा जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात चालला आहे. हयात असलेल्या चौघींच्या हातांची छायाचित्रे काढली. गेलेल्या दोघींचे हात त्यांच्या घरच्यांनी दिलेल्या जुन्या छायाचित्रांवरून रेखाटले, आणि त्यांतल्या एकीच्या छायाचित्रात हात अर्धाच आल्यामुळे उरलेल्या बोटांसाठी तिची मुलगी बसली. माझ्या मते हे चित्र त्या सभांमध्येच तयार झाले होते. चित्रकाराचे कौशल्य मी कमी लेखत नाही. पहिला आराखडा स्वतःच्या हाताने बाजूला ठेवणे हाही त्या कौशल्याचाच भाग आहे असे मला वाटते.

एखाद्या माणसाचा गौरव करताना त्याला कोणत्या रूपात दाखवायचे, या प्रश्नाची उत्तरे शहरभर सापडतात. रिज अ‍ॅव्हेन्यूवर १९९० मध्ये केंट ट्विचेल यांनी बास्केटबॉलपटू ज्युलियस अर्विंग यांचे तीन मजली चित्र केले, त्यात ते खेळाच्या गणवेशात नसून साध्या सुटात उभे आहेत; पाहणाऱ्या मुलांना समोर खेळाडूच्या आधी एक माणूस दिसतो. सिक्स्थ स्ट्रीट आणि साउथ स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, कार्ल विलिस हम्फ्री यांच्या २००८ च्या चित्रात, समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस आहेत. १८९६ मध्ये त्यांनी याच परिसरात राहायला येऊन सातव्या वॉर्डातल्या कृष्णवर्णीय वस्तीची घरोघर जाऊन पाहणी केली होती आणि १८९९ मध्ये तिचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांच्याबरोबर चित्रात एंजिन ११ या अग्निशमन तुकडीलाही मान दिला आहे, कारण वर्णभेदाच्या काळात, १९५२ पर्यंत, शहरातल्या कृष्णवर्णीय जवानांची नेमणूक तिथेच होत असे. हे चित्र दुसऱ्या कोणत्याही चौकात नेले तर त्याचा अर्धा अर्थ तिथेच मागे राहील. उलट कोणत्याही देशातल्या कोणत्याही भिंतीवर चालतील अशी भव्य पक्षी-फुलांची चित्रेही इथे आहेत. ती देखणी आहेत. त्यांच्यापाशी मी थांबते, पण कोणाला काही विचारावेसे वाटत नाही.

मात्र ‘स्थानिक माणूस’ म्हणजे नेमका कोणाचा, हा प्रश्न नेहमी सुटतोच असे नाही. इटालियन मार्केटमध्ये १९९५ मध्ये फ्रँक रिझो यांचे मोठे चित्र काढले गेले. ते आधी पोलीस आयुक्त होते आणि १९७२ ते १९८० या काळात महापौर. त्या बाजारातल्या अनेकांना ते आपल्यातलेच, घरचे वाटत. शहराच्या दुसऱ्या वस्त्यांतील कृष्णवर्णीय कुटुंबांना मात्र त्यांच्या काळातल्या पोलिसांची आठवण नकोशी होती. त्या भिंतीवर पुन्हा पुन्हा रंग फेकला गेला, आणि जून २०२० मध्ये अखेर ते चित्र रंगाखाली झाकले गेले. माझ्या मते ते झाकणे योग्यच होते. सार्वजनिक भिंतीसमोरून सगळेच जातात, आणि ज्यांना त्या चेहऱ्याने त्रास दिला त्यांनाही रोज तिथूनच जावे लागते.

चित्रे इतर कारणांनीही जातात. शेजारची मोकळी जागा विकली गेली आणि तिथे इमारत उभी राहिली की भिंत पुन्हा झाकली जाते. जाझ संगीतकार जॉन कोल्ट्रेन यांचे डायमंड स्ट्रीटजवळचे चित्र २०१४ मध्ये इमारतीबरोबरच गेले. २०१७ मध्ये जवळच दुसऱ्या भिंतीवर त्यांचे नवे चित्र झाले. आमच्या भिंतीशेजारच्या जागेविषयी सभेत हा प्रश्न निघाला होता. जागेच्या मालकाने तूर्त बांधकामाचा विचार नसल्याचे सांगितले, आणि तेवढ्यावर काम सुरू झाले.

कापडाचे तुकडे भिंतीवर लागायला ऑक्टोबर उजाडला. माझा चौकोन दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर गेला, आणि रस्त्याच्या पलीकडून पाहिल्यावर ते मनगट मला पहिल्यांदा मनगटासारखे दिसले, मधल्या गुलाबीसर व्रणासकट. बाई रोज घडीची खुर्ची घेऊन समोरच्या पदपथावर येऊन बसत होत्या. मी त्यांना त्यांचा हात दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि विचारले, “तिचा हात कधी लागणार?” रस्ता झाडणाऱ्या त्या चौघींमधल्या ज्या मैत्रिणीबरोबर त्यांनी वीस वर्षे रस्ता झाडला, आणि जिची उरलेली बोटे तिच्या मुलीच्या हातावरून काढली होती, तिच्याविषयी त्या विचारत होत्या. चित्रकाराने दुसऱ्या दिवशी सकाळचा वायदा केला. पण त्या रात्री थंडी उतरली. तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली गेले की अ‍ॅक्रिलिक नीट धरत नाही, आणि सुटलेल्या कापडाखाली पाणी शिरले तर सगळाच तुकडा काढावा लागतो. कामगारांना भिंतीपर्यंत उचलणारी लिफ्ट चार दिवस जागेवर उभी राहिली. पाचव्या दिवशी ऊन पडले, भिंत तापायला दुपारचे बारा वाजले, आणि त्यानंतर तो हात वर चढला. बाई सकाळी आठपासून तिथे बसून होत्या.