ओट्याखालचे छप्पन सेंटिमीटर

सवलतीत मिळणाऱ्या बहुतेक वस्तूंची एक सोय असते. वस्तू खरोखर हवी होती का, हा प्रश्न खोडलेल्या किमतीपुढे मागे पडला, तरी ती घरी आणून कुठेतरी टेकवता येते आणि कालांतराने तीच तिची हक्काची जागा होते. ओट्याखाली किंवा भिंतीत बसवायच्या विजेच्या ओव्हनला ही मुभा नाही. त्याचा समोरचा काळ्या काचेचा दरवाजा तेवढा देखणा असतो. बाजू आणि पाठ म्हणजे नुसता पत्रा, चारचौघांत दाखवण्यासाठी न केलेला. असा ओव्हन टेबलावर ठेवून भागत नाही. त्याला आधी कोनाडा लागतो, आणि मुंबईच्या घरात कोनाडा ही ओव्हनपेक्षा कितीतरी महाग वस्तू आहे. सवलत मिळते ती ओव्हनवर. कोनाडा पूर्ण किमतीचाच राहतो.

आमचा ओव्हन अंधेरीच्या एका दुकानातून आला. अशा दुकानांत दर्शनी भागात नमुन्याचे स्वयंपाकघर थाटलेले असते. कंपनीने नवे मॉडेल काढले की ते बदलावे लागते, आणि मग त्यात बसवलेली चिमणी, हॉब म्हणजे ओट्यात बसवायची शेगडी, ओव्हन उतरवून निम्म्या-पाऊण किमतीत विकायला काढतात. ‘मशिन कोरं आहे मॅडम, एकदाही तापवलेलं नाही,’ असे विक्रेत्याने सांगितले, आणि आतल्या कॉइलचा फिकट, एकसारखा रंग पाहता ते खरे वाटले. अशा वेळी किमतीवर घासाघीस करण्याआधी बाकीच्या गोष्टी नीट पाहून घ्याव्यात, असे माझे मत आहे : दरवाजाभोवतीची रबरी पट्टी कुठे कडक झालेली नाही ना, ट्रे आणि जाळ्या सगळ्या आहेत ना, कोनाड्याची मापे दिलेली पुस्तिका हरवलेली नाही ना, आणि मुख्य म्हणजे वॉरंटी आपल्या बिलाच्या तारखेपासून मोजली जाणार हे बिलावर लिहून मिळते आहे ना. नव्या मॉडेलला स्पर्शाने चालणारी चकचकीत पाटी होती, जुन्याला फिरवायच्या खुंट्या. पिठाच्या हातांनी काम करणाऱ्या माणसाला खुंट्याच बऱ्या, त्यामुळे ज्या कारणाने त्याची किंमत उतरली होती तेच मला त्याच्या बाजूचे वाटले.

पुस्तिकेतला आकडा साधा होता. समोरचा दरवाजा ५९.५ सेंटिमीटर रुंद आणि जवळजवळ तेवढाच उंच. पण मागचे धड त्याहून अरुंद असल्यामुळे कोनाडा ५६ सेंटिमीटर रुंद, ६० उंच आणि निदान ५५ खोल हवा. या ओव्हनची मापे बहुतेक कंपन्या सारखीच ठेवतात, म्हणून उद्या एक गेला तर त्याच जागी दुसऱ्या कंपनीचा बसतो, ही त्यातली समाधानाची बाब. खोलीची चिंता नव्हती, कारण आपला ओटा दोन फुटांचा, म्हणजे एकसष्ट सेंटिमीटरचा असतो. अडले ते रुंदीवर. आमच्या ओट्याला वर ग्रॅनाइट असला तरी खाली जुन्या पद्धतीचे कडाप्पाचे उभे पाट आहेत, आणि दोन पाटांमधले अंतर भरले एकवीस इंच, म्हणजे साधारण त्रेपन्न सेंटिमीटर. दिवाळीच्या खोलीसफाईत ज्या तीन सेंटिमीटरांकडे आपण ढुंकूनही पाहत नाही, त्यांच्यासाठी गवंडी बोलवावा लागला.

त्याहून अवघड काम त्या जागेतल्या जुन्या रहिवाशांना उठवण्याचे होते. तिथे गव्हाच्या पिठाचा डबा, मोठी परात, पुरणयंत्र, सोऱ्या आणि मोदकपात्र अशी मंडळी नांदत होती. क्षेत्रफळ म्हणाल तर जेमतेम सव्वातीन चौरस फूट. त्याला विलेपार्ल्यातल्या दराने गुणून पाहण्याचा मोह मी निग्रहाने आवरला. सासूबाईंनी मात्र आकडेमोड न करता मुद्दा मांडला : ‘ओव्हन येऊ दे, माझं काही म्हणणं नाही. पण मोदकपात्र माळ्यावर गेलेलं मला चालणार नाही. गणपतीत माळ्यावर कोण चढणार, तू की मी?’ या प्रश्नाला उत्तर नव्हते. शेवटी माळ्यावर गेले ते फोंड्यूचे भांडे, जे लग्नात आहेर म्हणून आले होते आणि ज्याचा उपयोग काय हे घरात अजून ठरलेले नाही. त्याच्या जागी मोदकपात्र बसले.

कडाप्पा कापण्याचा आवाज आणि धूळ या दोन्हींचे वर्णन न केलेले बरे. आमच्या सोसायटीत दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद असते, त्यामुळे गवंड्याने ऐन दोनच्या ठोक्याला कटर खाली ठेवला आणि अर्धवट कापलेला पाट तसाच उभा राहिला. ग्रॅनाइटचे वजन ज्या पाटावर आहे तो हलवण्याआधी त्याने लाकडी टेकू मात्र नीट लावून घेतले होते. हे न करणारे कारागीर नंतर ओट्याला गेलेल्या तड्याचा दोष दगडाला देतात. तळाशी ओव्हनचे पस्तीस किलो पेलायला आडवा पाट बसवला, तो भिंतीपासून चार बोटे अलीकडेच संपवला, म्हणजे मागून हवा खेळती राहील. पाइप गॅसची रबरी नळी याच पोकळीतून जात होती. ती तापणाऱ्या पत्र्यामागे राहणे धोक्याचे, म्हणून गॅस कंपनीच्या माणसाकडून तिचा मार्ग बदलून घेतला. हे काम घरच्या घरी उरकण्याचे नव्हे.

यानंतर वायरमन आला आणि त्याने पहिला प्रश्न ओव्हन किती वॉटचा हा विचारला. २९०० वॉट. त्याला २३० व्होल्टने भागले की साडेबारा अँपिअरच्या वर आकडा येतो, म्हणजे मिक्सरचा सहा अँपिअरचा पॉइंट इथे कामाचा नाही, आणि सोळाचा असला तरी त्याच वायरवर गीझर असेल तर दोघांनी एकाच वेळी तापायचे ठरवल्यावर एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा स्विच, पडणारच. म्हणून मुख्य बोर्डापासून स्वयंपाकघरापर्यंत चार चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, तिला स्वतंत्र एमसीबी आणि खणखणीत अर्थिंग. वायर लोहार चाळीतून, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारातून, आणली. तिथल्या गल्लीत डोक्यावर खोकी घेतलेल्या हमालांना वाट देत उभ्या उभ्या जेवढे विद्युतशास्त्र शिकायला मिळते, तेवढे कुठल्या पुस्तकात मिळेलसे वाटत नाही. सॉकेट ओव्हनच्या पाठीमागे न ठेवता शेजारच्या कपाटात ठेवले. मागे ठेवले असते तर बटण बंद करण्यासाठी आधी ओव्हन ओढून काढावा लागला असता.

एवढे सगळे झाल्यावर कंपनीचा तंत्रज्ञ ‘मोफत इन्स्टॉलेशन’ करायला आला. मोफत काय, तर ओव्हन कोनाड्यात सरकवणे, दरवाजा उघडून बाजूच्या पट्ट्यांतून चार स्क्रू आवळणे आणि खुंट्यांवरची चित्रे समजावणे. गवंडी, सुतार, वायर यांचा त्यात समावेश नसतो, आणि तो नसतो हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. पण एका अर्थी ते बरोबरही आहे, कारण घर आपले असते.

ओव्हन सुरू केला आणि घरातली वीज गेली. एमसीबी जागेवर होता. पडला होता ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच. पावसाळा नुकताच संपत होता आणि ओव्हन कितीतरी महिने गोदामाच्या दमट हवेत पडून होता, तेव्हा कारण तंत्रज्ञाला लगेच उमगले. ओव्हनच्या कॉइलमध्ये निक्रोमची तार असते. निकेल आणि क्रोमियमचा हा मिश्रधातू अमेरिकेत अल्बर्ट मार्शने शोधला, १९०६ मध्ये त्याचे पेटंट घेतले, आणि लालबुंद होऊनही लवकर न जळणारी तार माणसाला परवडणाऱ्या किमतीत हाताशी आली. टोस्टर, गीझर, इस्त्री हे सारे त्याच वंशातले. ही तार बाहेरच्या नळीला टेकू नये म्हणून मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासून भरतात. भुकटी उत्तम विद्युतरोधक, पण हवेतला ओलावा ओढून घेण्याची तिला खोड. ओलावा शिरला की थोडी वीज नळीकडे गळते, आणि तीस मिलिअँपिअरच्या आसपास गळती झाली की ईएलसीबी आपले काम चोख बजावतो. ‘ताई, ईएलसीबी बायपास करून टाकू का?’ असे वायरमनने अगदी सहज विचारले. मुंबईत पुष्कळ घरांत तो असाच कायमचा निवृत्त होत असावा. तंत्रज्ञाने मेगरने, म्हणजे वीज कुठे गळते ते दाखवणाऱ्या यंत्राने, एकेक कॉइल तपासली, दोष एकट्या खालच्या कॉइलमध्ये निघाला, आणि तासभर वरची कॉइल मंद आचेवर चालवून आतल्या आत खालची वाळवली. नंतर वीज गेली नाही.

पहिल्यांदा रिकामा ओव्हन पूर्ण तापवावा लागतो, म्हणजे कारखान्यातले तेलाचे अंश जळून जातात. त्याचा उग्र वास जिन्यापर्यंत गेला आणि शेजारच्या काकूंनी बेल वाजवून काय जळते आहे ते विचारले. बंद केल्यावरही आतला थंड करणारा पंखा बराच वेळ घुमत राहतो, निघालेले पाहुणे उंबरठ्यावर उभे राहून बोलत राहावेत तसा. ओव्हन बंद झालाच नाही असे समजून सासूबाई दोनदा खुंट्या पाहून आल्या.

पहिला घाणा नानकटाईचा झाला. दुसरे काही सुचण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ज्यांच्या घरी ओव्हन नव्हता अशा मुंबईकरांसाठी भट्टी म्हणजे दिवाळीच्या आधी मैदा, साखर आणि तूप घेऊन बेकरीत जाणे, पत्र्याच्या डब्यासह रांगेत बसणे आणि किलोवर मजुरी देऊन गरम नानकटाई घेऊन येणे. त्या बेकऱ्यांच्या लाकडाच्या भट्ट्यांना २०२५ च्या आरंभी उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणापायी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. शहराच्या हवेचा विचार केला तर हे योग्यच. पण पावाचा विचार केला तर मन कचरते. भट्टीच्या विटांमध्ये जी उष्णता साठते ती आमच्या सत्तर लिटरच्या पत्र्याच्या पेटीत साठणे शक्य नाही, म्हणून पाव मी पूर्वीप्रमाणेच कोपऱ्यावरून आणते आणि घरी करण्याच्या फंदात पडत नाही.

नानकटाईचे तसे नाही. १६० अंशांवर पंखा लावून दोन ट्रे एका वेळी भाजता येतात, फक्त मागचा उजवा कोपरा लवकर लाल होतो, म्हणून अर्ध्यावर ट्रे फिरवावे लागतात. विजेचीही फार धास्ती घेण्याचे कारण नाही. २९०० वॉट ही कमाल मर्यादा; एकदा आत हवी तेवढी उष्णता आली की थर्मोस्टॅट कॉइल चालू-बंद करत राहतो आणि तासाभराच्या भाजणीला एक-दीड युनिटच्या आसपास वीज लागते. तरीही वीजबिलाचा दर ३०० युनिटच्या पुढे आणखी चढतो, हे ध्यानात ठेवून दिवाळीचे सगळे घाणे एकाच बिलात येऊ नयेत अशी मांडणी मी केली आहे.

सासूबाईंनी पहिली नानकटाई मोडून तिचा तळ पाहिला. ‘बेकरीवाल्याच्या तळाला नेहमी काळं लागायचं,’ त्या म्हणाल्या, ‘इथे नाही लागलं. तूप मात्र अजून थोडं चाललं असतं.’ शेजारच्या काकूंनी त्याच संध्याकाळी आपला एक किलोचा घाणा लावून द्याल का असे विचारले. मी हो म्हणाले, पण मैदा चाळून आणायचा, आणि शनिवार सोडून.