चहा प्यायचा राहिलाय

गणपतीतल्या नवव्या रात्री आमच्या मंडळाची एकांकिका असते. तिला तीन घंटा होतात. पहिल्या दोन कुणीही द्याव्यात, ज्याच्या हाताशी घंटा असेल त्यानं. तिसरी बापूकाकाची. ती दिली की तो घंटा खाली ठेवायचा, दोन्ही तळहात पँटला पुसायचा आणि पडद्याची दोरी धरायचा. 1979 पासून 2019 पर्यंत, मधली दोन-तीन वर्षं सोडली तर, आमच्या गल्लीनं त्याच्याच हातून पडदा उघडलेला पाहिला.

बापू माझा सर्वांत धाकटा काका. जन्म 1962 चा. आजी तेव्हा 41 वर्षांची होती. डॉक्टरांनी आजोबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, पोरगं पंधरा वर्षं काढेल असं धरून चाला. डाऊन सिंड्रोम हा शब्द आमच्या घरात आला तो मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकले तेव्हा. तोवर 'बापूचं जरा वेगळं आहे' एवढंच. एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, हे मला इतकं मोठं गुपित वाटलं की मी पुस्तकातलं चित्र घेऊन थेट त्याच्याकडे गेले. म्हटलं, "काका, तुझ्याकडं एक जास्त आहे." तो पुड्या बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "तुला देऊ?"

पुड्या बांधणं हा त्याचा धंदा. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं, तिथं सकाळी नऊ ते एक तो जिरे, मोहरी, हळद यांच्या पुड्या बांधायचा. वजन मालक करायचे, पुडी बापूची. प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या तेव्हा त्यानं आठवडाभर दुकानावर बहिष्कार घातला होता. शेवटी मालकांनी हळदीपुरता कागद ठेवला. शाळेचं मात्र जमलं नाही. लहानपणी दोन शाळांनी घेतलाच नाही. मोठेपणी मतिमंद मुलांची शाळा मिळाली (पाटीवर तेव्हा तोच शब्द असायचा), तिथं तो मेणबत्त्या करायला शिकला आणि कंटाळला. तिथल्या स्नेहसंमेलनाला तेवढा नेमानं जायचा. पण तिथं त्याला टोपी घालून नाचायला उभं करायचे, आणि याचं सगळं लक्ष विंगेत पडदा कोण ओढतंय याकडे.

सांगलीच्या माणसाला नाटकाचं वेड आहे हे काही नवीन नाही. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी मराठी रंगभूमीचा नारळ इथंच फोडला, आणि तेव्हापासून आमच्या गावभागात प्रत्येक गल्लीला आपणही काहीतरी करून दाखवावं असं वाटत आलंय. मंडळाची तालीम श्रावणात सुरू व्हायची, रात्री नवानंतर, आमच्याच वाड्याच्या सोप्यात. बापू रोज हजर. वाचता येत नव्हतं, पण महिनाभर ऐकून ऐकून अख्खी एकांकिका त्याला पाठ व्हायची. सगळ्यांची वाक्यं सगळ्यांच्या आधी. दिग्दर्शकानं एकदा त्याला पडद्यासाठी बॅटरीचा इशारा ठरवून दिला: लाल उजेड दिसला की ओढायचं. बापूनं मान हलवली आणि त्या इशाऱ्याकडे जन्मात कधी पाहिलं नाही. त्याचा इशारा म्हणजे वाक्य.

यातूनच ती चहाची गोष्ट झाली. साल बहुधा 1994. शेवटच्या प्रवेशात बाप मुलीला निरोप देतो, कपातला राहिलेला चहा पितो, 'गार झाला' म्हणतो आणि पडदा. बापाचं काम करणारे गृहस्थ घाबरले आणि दीड पान गाळून थेट निरोपावर आले. मुलगी गेली. बाप उभा. बॅटरी लाल झाली, दोनदा झाली. पडदा हलेना. प्रेक्षकांत कुजबुज. विंगेतून कुणीतरी दबक्या आवाजात, "बापू, वड की दोरी!" आणि मग पार शेवटच्या सतरंजीपर्यंत ऐकू गेलेला बापूचा आवाज: "चहा प्यायचा राहिलाय!"

बापानं निमूटपणे रिकामा कप तोंडाला लावला आणि म्हणाले, "गार झाला." मग पडदा पडला. सावकाश, दोन्ही बाजूंनी सारखा, नेहमीसारखा. त्या वर्षी तालुक्याच्या कुठल्याशा स्पर्धेत आमच्या एकांकिकेला काही मिळालं नाही, पण गल्लीत आजही कुणी जेवताना अर्ध्यात उठला तर म्हणतात, चहा राहिला.

सावकाश ओढणं हे त्याचं कसब होतं. दोन पाखांचा मखमली पडदा, वर लाकडी कप्प्या, सगळा भार एका दोरीवर. घाई केली की एक बाजू पुढे जाते, दुसरी अडकते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तो शिडीवर कुणालातरी चढवून कप्प्यांना खोबरेल तेल लावून घ्यायचा. स्वतः चढायची त्याला बंदी होती. आखूड बोटं, तळहातावर एकच आडवी रेघ. आम्ही पोरं ती रेघ बघायला त्याचा हात ओढायचो आणि मग आपल्या हातावर तशी शोधत बसायचो.

मंडळ म्हणजे काही नुसता पडदा नाही. वर्गणीला पावती पुस्तक घेऊन तो पुढे. दार उघडलं की हसायचा, आणि पैसे मिळेपर्यंत उंबऱ्यावरून हलायचा नाही. 'उद्या या' हे त्याला कळत नसे, म्हणजे कळत असे पण मान्य नसे. नोटाबंदीनंतरच्या गणपतीत एका हळदीच्या अडत्यानं गुलाबी दोन हजाराची नोट दिली, तर यानं ती परत केली, "खरी द्या." अडत्यानं हसत हसत शंभराच्या वीस मोजल्या. आरतीला झांजा त्याच्याकडे, आणि विठ्ठलाच्या आरतीत जो सूर लांबवायचा असतो तो हा इतका लांबवायचा की भटजी घड्याळ बघायचे.

संगीत खुर्चीत मात्र लबाड. गाणं थांबायच्या आधीच बसायचा आणि उठायचा नाही. दरवर्षी वाद, दरवर्षी रुसवा, दरवर्षी त्याला स्टीलचा डबा. तो डबा गौरी जेवल्या की पलीकडच्या वाड्यातल्या एका ताईला द्यायचा. ती सणाला माहेरी यायची. एक वर्ष ती आली नाही, तर डबा वर्षभर आमच्या माळ्यावर, रिकामा, कुणी त्यात साखर भरायची नाही.

हे मुद्दाम लिहिते आहे, कारण अशा माणसांबद्दल बोलताना लोक पटकन निरागस, निष्पाप वगैरे म्हणतात आणि विषय मिटवतात. बापू रागीट होता. मनात ठेवायचा. माझ्या वडिलांशी एकदा दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत बोलला नव्हता, आणि चूक वडिलांची होती. एका बक्षीस समारंभात प्रमुख पाहुण्यांनी त्याला जवळ घेऊन माईकवर म्हटलं, "हे तर देवाचं लेकरू." बापूनं माईक आपल्याकडे वळवला. "नाही. मी आईचा." समोर आजी बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला. हसायला की रडायला, विचारायची सोय नव्हती.

आजीला एकच घोर, माझ्यामागं याचं कसं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं पालकत्वाचा रीतसर कागद मिळतो हे कळल्यावर वडिलांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे खेटे घालून तो आणला. आजीला वाचता येत नव्हतं. ती शिक्क्यावरून बोट फिरवत बसली.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा घरात आली. 2005 चा पूर आम्ही पाहिला होता, त्या खुणेच्याही वर पाणी येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. आयर्विन पुलापाशी ते 57 फुटांवर गेलं. घर सोडताना प्रत्येकानं एक पिशवी घेतली. विश्रामबागला नातेवाइकांकडे पोचल्यावर बापूची पिशवी उघडली तर आत थायरॉइडच्या गोळ्या आणि पडद्याची दोरी, नीट वेटोळं करून. कपडा एकही नाही.

2 सप्टेंबरला गणपती बसले, साधेच. वर्गणी पूरग्रस्तांना द्यायचं ठरलं, नाटक रद्द. पण नवव्या दिवशी बापू सकाळपासून दोरी खांद्यावर टाकून मांडवात येऊन बसला. समजावून कोण थकलं नाही? शेवटी पोरांनी दोन वेळूंना तो चिखलाचे डाग पडलेला पडदा बांधला. रात्री आरतीनंतर त्यानं तिसरी घंटा दिली आणि पडदा उघडला. मागे ब्लीचिंग पावडरची पोती आणि चार खराटे. एक क्षण शांतता, मग गल्ली अशी हसली, की महिन्याभरात पहिल्यांदाच.

त्याच सुमारास त्याचं विसरणं सुरू झालं होतं, आम्हाला उशिरा कळलं. त्या एकविसाव्या गुणसूत्रावरच असं एक जनुक आहे, ज्याच्या जादा प्रतीमुळे अशा माणसांना अल्झायमर लवकर गाठतो, पन्नाशीतच. म्हणजे तो म्हणाला होता 'तुला देऊ', ते घ्यायला हवं होतं, असं काहीबाही माझ्या मनात येत राहिलं. मग कोविडची दोन वर्षं, मांडव नाही, नाटक नाही. 2022 ला त्याला खुर्चीवर बसवून विंगेत नेलं. दोरी हातात दिली. त्यानं ती पाहिली, मला पाहिलं, आणि दोरी माझ्या मांडीवर ठेवली. पडदा त्या वर्षी दुसऱ्याच पोरानं ओढला. पुढच्या फेब्रुवारीत बापू गेला. साठी पूर्ण करून.

2023 च्या बैठकीत दोरी कुणाकडे यावर तासभर वाद झाला आणि निर्णय झाला नाही. ऐन वेळी दोघांनी मिळून धरली. कप्प्यांना तेल लावायचं कुणाच्याच ध्यानात नव्हतं. नाटक संपलं, डावी पाख मधोमध आली आणि उजवी जिथल्या तिथं अडकली. अर्ध्या उघड्या रंगमंचावर नट तसेच उभे. मागच्या सतरंजीवरून कुणाचातरी आवाज आला, "अरे, चहा राहिला असंल!"

त्यातल्या एका नटानं, जो 1994 ला जन्मलाही नव्हता, टेबलावरचा कप उचलला आणि तोंडाला लावला.