आईला घेऊन बेलुम गुहा – माझा अनुभव

आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे, गुहा म्हटली की डोळ्यासमोर आमच्याकडची हरवळेची गुहा येते, जांभ्यात माणसाने कोरलेली. त्यामुळे आंध्र प्रदेशातल्या बेलुमचे फोटो बघून मुलगा विचारायला लागला की ही कोणी कोरली, आणि कोणीच नाही रे, पाण्याने चुनखडी विरघळत विरघळत झाली हे त्याला काही पटेना. मग जाऊनच बघू म्हटलं. आई म्हणाली मी पण येते. वय 68, गुडघे दुखतात, म्हणजे खरी तयारी तिथून सुरू.

आधी मे महिन्याची सुट्टी धरलेली. पण ऑफिसात बल्लारीकडचा एक जण आहे, तो म्हणाला मे मध्ये आईला घेऊन रायलसीमात, म्हणजे बेलुम आहे त्या भागात, जाऊ नका हो, ऊन फार. शिवाय गुहेत गारवा असेल असं आपल्याला वाटतं ना, ते डोक्यातून काढा, आत दमट आणि चांगलंच गरम असतं, हवा पाइपने आत सोडतात. म्हणून जानेवारी.

अमरावती एक्सप्रेस मडगावहून थेट गुंतकलला जाते पण रोज नसते, तेव्हा आधी गाडीचा वार बघा आणि मग रजा टाका, आम्ही उलटं केलं आणि रजा बदलून घ्यावी लागली. रात्री गुंतकलला राहिलो, सकाळी टॅक्सीने ताडपत्रीवरून बेलुम. वाटेत काळ्या लाद्यांचे ढीगच्या ढीग, आपल्या ओट्याचा कडप्पा ह्याच भागातून येतो, आई ते बघूनच खूश.

गुहा 3229 मीटर लांब, त्यातली साधारण दीड किलोमीटर आपल्याला बघता येते. पाताळगंगा, म्हणजे आतला पाण्याचा झरा, सगळ्यात खोल, 46 मीटर, तिथे आईला न्यायचं नाही हे घरीच ठरलेलं. बाकी ती हळूहळू चालली, रेलिंग धरून, मध्ये मध्ये बसत, पाण्याची बाटली बायकोकडे. सप्तस्वर गुहेत गाईडने बोटाची पेरं वाकवून लोंबणाऱ्या दगडावर टकटक केलं, एकेका दगडाचा आवाज वेगळा, आणि एका जाड दगडाला आई एकदम म्हणाली, "अरे, हे तर घुमट!" घुमट म्हणजे आमचं गोव्याचं मातीच्या मडक्याचं वाद्य. मग तिने स्वतः वाजवून बघितलं, दोनदा.

पाताळगंगा मी आणि मुलगा पटकन बघून आलो. वर येतो तर आईचा पहिला प्रश्न, पाणी होतं का? होतं म्हटलं, बारीक धार, दगडात शिरली आणि दिसेनाशी झाली.