कमळ, चार सिंह आणि लालिबेला

आज भाचीला घेऊन वेरूळला जाऊन आले. कैलास लेणं, १६ नंबरचं. त्याचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सकाळी समोरून काढलेला फोटो काळपट येतो. म्हणून मुद्दाम दुपारी तीननंतर पोहोचलो. ऊन कललं की तो काळा दगड असा काही उजळतो, की हातात कॅमेरा आहे हेच विसरायला होतं!

पण माझा जीव अडकतो तो वरच्या फोटोत. बाजूच्या डोंगरावर चढून गेलं की मंडपाचं छत दिसतं. मधोमध भलंमोठं कमळ, त्यावर चार सिंह. खाली अंगणात फिरणाऱ्याला हे दिसतच नाही. भाची म्हणाली, "मावशी, हे शेवटी कोरलं असेल ना?" नाही गं, हेच आधी. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, पाथरवट डोंगर वरून खाली कोरत आले. कळस आधी, पाया नंतर.

रात्री तिला इथिओपियातल्या लालिबेलाचे फोटो दाखवले. तिथली ११ चर्चही अशीच खडकात कोरलेली. त्यातल्या बेते गियोर्गिसचं छत जमिनीच्या पातळीला आहे आणि त्याचा क्रूसाचा आकार वरूनच कळतो. दोन्ही फोटो शेजारी ठेवून लेकरू कितीतरी वेळ बघत बसलं. मलाही भरून आलं.

सोबतचा फोटो तिनं काढलाय. डावीकडच्या सिंहाच्या पाठीवर साळुंकी बसलीय, बघा.