आमची वाटचाल : नाव गावाचं, तक्रार आमच्याकडे

आमचा धंदा देवगड हापूस घरपोच पाठवण्याचा. पेटी वाशीच्या घाऊक बाजारात गेली की बागायतदाराचं नाव तिथेच संपतं. थेट गिऱ्हाइकाला माल द्यायचा तर पेटीवर स्वतःचं नाव हवं. ‘हापूस’वर हक्क एकट्याचा नसतो, 2018 साली मिळालेलं भौगोलिक मानांकन कोकणातल्या सगळ्या बागायतदारांचं आहे. म्हणून ट्रेडमार्क फर्मच्या नावाचा केला: ताज्या फळाला वर्ग 31, आमरसाच्या डब्यांना 29, पन्ह्याला 32. प्रत्येक वर्गाची फी वेगळी. नोंदणी होईपर्यंत नावापुढे ‘टीएम’ चालतं. गोलातला ‘आर’ आधीच छापणं गुन्हा आहे.

लोगो, रंग, डब्याची छपाई यात फार जीव अडकवू नये. हापूसवाल्याचं नाव जातं ते साक्याने. फळ बाहेरून सोन्यासारखं आणि कापल्यावर आत पांढरट, आंबूस गर. झाडावर जास्त जून झालेल्या, उन्हात तापलेल्या फळात तो जास्त निघतो. म्हणून तोडणी चौदा आण्यांवर, म्हणजे फळ पूर्ण जून व्हायच्या जरा आधी, सकाळच्या गारव्यात, झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने) देठासकट. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि काळा डाग पडतो. तोडलेलं फळ तापल्या कातळावर क्षणभरही ठेवायचं नाही. कोवळं फळ पाण्यात तरंगतं, ते बाजूला काढायचं. नाहीतर ते पिकण्याऐवजी सुकतं. आढी, म्हणजे पिकवायला लावलेले फळांचे थर, पेंढ्यातच. कार्बाइडवर बंदी आहेच, शिवाय त्याने साल पिवळी होते आणि गर आंबट राहतो.

एवढं करूनही साका निघतो. तो निघणारच नाही अशी हमी देणाऱ्याचा आंबा आम्ही तरी घेणार नाही. डब्यातल्या चिठ्ठीवर छापलेलं असतं: कापलेल्या फळाचा आणि डब्यावरच्या नंबराचा फोटो पाठवा, तेवढी फळं पुढच्या डब्यात जास्त येतील किंवा पैसे परत. त्या नंबरावरून बाग, तोडणीची तारीख आणि आढीची तारीख कळते. एकाच तोडणीच्या तक्रारी येऊ लागल्या की त्या बागेचा उरलेला माल थांबवतो आणि बाकीच्या गिऱ्हाइकांना आपणहून फोन करतो. गुगलवर कुणी एक तारा दिला तर उत्तर दोन ओळींत, नंबर विचारून. वाद घालायचा नाही, वाचणारे उत्तराचा सूर बघतात. बऱ्याच तक्रारी मुळात माहितीच्या असतात. कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवला की पिकत नाही. सालीला जराशी सुरकुती म्हणजे खराब नव्हे, उलट तेव्हाच तो खरा गोड.

नकलेचा त्रास वेगळा. रिकामे डबे भंगारात जातात आणि त्यातच परराज्यातला आंबा भरून येतो, म्हणून लेबल फाडून टाकायला सांगतो. 2025 च्या हंगामापासून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने फळावर लावायचे युनिक कोडचे स्टिकर आणले आहेत. स्टिकर लावायला माणूस लागतो, पण लेबलापेक्षा हा बंदोबस्त पक्का.

वळवाचा पहिला पाऊस पडला की घरपोच ऑर्डरी बंद. फळमाशी लागते, वाटेत फळ सडतं. राहिलेला माल कॅनिंगला जातो, दर पडतो. ज्यांनी आधीच पैसे भरलेत त्यांना दोनच पर्याय: पूर्ण परतावा, नाहीतर तेवढ्या किमतीचे आमरसाचे डबे.