तुम्ही विचारलंत म्हणून: बांगलादेशाची वीज आणि आमची रात्रपाळी

"सर, आपल्याला दिवसा लाईट नाही आणि बांगलादेशाला वीज विकतात. तुम्ही त्यांची बाजू कशी काय घेता?" शेजारी देशांच्या वीजव्यवहारावर मी बोलतो, लिहितो, म्हणून परळीपासून जिंतूरपर्यंत कुठंही गेलो तरी हा प्रश्न ठरलेला. लग्नाच्या पंगतीतसुद्धा. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर कुणालाच पटत नाही, म्हणून आज सविस्तर.

बाजू घेतो ती 2013 मुळं. त्या फेब्रुवारीत परळीच्या औष्णिक केंद्रातले 1130 मेगावॅटचे संच पाण्यावाचून बंद पडले. तरी त्या उन्हाळ्यात आपल्या घरातले पंखे फिरले, ते परक्या मुलखातल्या कोळशावर आणि पाण्यावर. देश तेव्हा भूतानच्या चुखा, ताला या जलविद्युत प्रकल्पांची वीज घेत होता. 2016-17 च्या आधी तर आपण शेजाऱ्यांना विकायचो कमी आणि त्यांच्याकडून घ्यायचो जास्त. ती घेताना आपल्यापैकी कुणी हरकत घेतल्याचं मला आठवत नाही.

2013 मध्येच ऑक्टोबरात पश्चिम बंगालातल्या बहरामपूरपासून बांगलादेशातल्या भेडामाराला नेलेल्या 500 मेगावॅटच्या जोडणीतून बांगलादेशाला वीज जायला लागली. 31 डिसेंबरला रायचूर-सोलापूर वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं विजेचं जाळं उरलेल्या देशाच्या जाळ्याला जोडलं गेलं. या दोन तारखांच्या मध्ये आमच्या घरावर जे आलं, ते मी सभेत कधी सांगत नाही.

हरभऱ्याला पाणी चालू होतं. त्या आठवड्यात थ्री फेज, म्हणजे शेतीपंपाची लाईट, रात्रीची. माझा चुलतभाऊ एकटाच शेतातल्या आखाड्यावर होता. मध्यरात्रीनंतर लाईट आली, मोटार सुरू झाली, स्प्रिंकलर फिरले. एक पट्टा भिजला की मोटार बंद करायची, पाईप उचलून पुढं न्यायचे, पुन्हा सुरू करायची. हात पाइपात अडकलेले, म्हणून बॅटरी तोंडात. पाईप उचलला आणि खाली घोणस होती. त्याला वाटलं, तुरीचं खुंट लागलं. त्यानं तो पट्टा पूर्ण केला, कारण लाईट पुन्हा कधी जाईल याचा नेम नव्हता. पाय सुजून पोटरीपर्यंत आला तेव्हा त्यानं फोन केला. मोटारसायकलवर त्याला मध्ये बसवून नेला, मागून मी धरलं होतं. लघवीतून रक्त गेलं, किडनीवर आलं, डायलिसिस झाले. वाचला. तो पाय अजून ओढत चालतो.

दवाखान्यात त्यानं मला विचारलं, "दादा, ते बांगलादेशवाले बी रात्रीच पाणी देतात का?"

तेव्हाचा मी घरी येऊन तावातावानं लिहीत सुटलो: आधी निर्यात बंद करा. त्या माणसाशी माझं आजही भांडण आहे. त्याला मी सांगतो, देशाची क्षमता तेव्हा सव्वादोन लाख मेगावॅटच्या घरात होती. 500 म्हणजे शंभरात पाव भागही नाही. ते थांबवले असते तरी आपली पाळी दिवसाची झाली नसती. रात्री शहरं झोपतात, मागणी उतरते, तेव्हा उरलेली वीज पंपांना सोडतात. तो ऐकून घेतो आणि म्हणतो, त्या 500 मधले 250 केंद्राच्या राखीव कोट्यातले होते, ज्याच्यासाठी राज्यं हात पसरून उभी असतात. हेही खरंच आहे.

भावाच्या प्रश्नाचं उत्तर मला पुढं मिळालं. हो, रात्रीच. बोरो, म्हणजे हिवाळ्यात लावायच्या भाताच्या हंगामात तिकडंही पंप रात्री अकरानंतर चालवायला सांगतात. म्हणजे जे हिसकावलं जातंय ते सरहद्दीपलीकडचा शेतकरी हिसकावत नाही. दोन्हीकडं पंपाचा नंबर शेवटचा. हे कळल्यावर मला बांगलादेशावर रागावता येईना, आणि लोक मला नेमकं तेवढंच करायला सांगतात.

नेपाळचं बघा. 2008-09 च्या सुमारास तिथं हिवाळ्यात दिवसाचे सोळा-सोळा तास अंधार असायचा. आज पावसाळ्यात नद्या भरल्या की ते आपल्याला विकतात, हिवाळ्यात आटल्या की आपल्याकडून घेतात. नेपाळातलं ढालकेबर आणि बिहारातलं मुझफ्फरपूर जोडणारी तार नसती तर हे झालं नसतं. म्हणून मी तारा तोडायच्या बाजूनं कधीच उभा राहणार नाही. दिवसाची लाईट मागायची तर आपल्या फीडरवर, म्हणजे आपल्या पंपांना वीज देणाऱ्या वाहिनीवर, दिवसा सौर वीज देणारा सौर कृषी वाहिनी योजनेचा प्रकल्प कधी येणार, ते विचारा. आमच्या फीडरवर अजून आलेला नाही.

भावाला हे सगळं पाठ आहे. तरी तो गोड्ड्याचं काढतो. झारखंडातला 1600 मेगावॅटचा प्रकल्प, 2023 पासून सुरू, उभारला तोच बांगलादेशासाठी. मी म्हणतो, कोळसा बाहेरून आणलेला, वीज त्यांनी विकत घेतलेली, आपलं काय गेलं? तो म्हणतो, "पाणी गंगेचं हाय ना? आन् परळी कशानं बंद पडली होती?"

मी म्हणतो, गंगेचं पाणी काही परळीला येणार नव्हतं. तो म्हणतो, वीज आली असती की. इथं येऊन आम्ही दोघंही अडतो.