दाजीपूरच्या चढावर धाप लागणारी मारुती

माझ्या गॅरेजमध्ये येण्यापूर्वी ही गाडी तीन ठिकाणी दाखवून झाली होती. १९९४ची, कार्ब्युरेटरची (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या यंत्रणेची), पांढरी मारुती ८००. मालकीण एक निवृत्त माध्यमिक शिक्षिका. बाईंचे माहेर कणकवली तालुक्यातले. तिकडून कोल्हापूरला परतताना दाजीपूरकडे येणाऱ्या फोंडा घाटाच्या चढावर गाडी बंद पडे आणि दहा-पंधरा मिनिटे रस्त्याच्या कडेला उभी ठेवली की काहीच झाले नसल्यासारखी पुन्हा सुरू होई. गावात मात्र तिने कधीच त्रास दिला नव्हता. आधीच्या लोकांनी ठिणगी देणारे भाग, म्हणजे कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, प्लग आणि प्लगच्या वायरी, बदलले होते, कार्ब्युरेटरला नवे किट टाकले होते आणि शेवटी फ्युएल पंपही नवा बसवला होता. या सगळ्याचे बिल गाडीच्या बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत पोहोचले होते, तरी दोष होता तिथेच होता. काम होऊन आता बरेच दिवस लोटले, तरी ते डोक्यातून जात नाही. दोष शोधायला लागणारी सगळी माहिती बाईंजवळ पहिल्या दिवसापासून होती आणि ती त्यांनी प्रत्येक ठिकाणी सांगितलीही होती.

बाहेरच्या माणसाला वाटते, की मेकॅनिकचे कौशल्य दुरुस्तीत असते. प्रत्यक्षात अवघड असते ते दोषाला आपल्यासमोर यायला लावणे. गॅरेजच्या दारात तासभर गाडी चालू ठेवली तरी जो दोष दिसत नाही, त्याच्यासाठी गिऱ्हाइकाचे शब्द हाच एकमेव पुरावा असतो, आणि बहुतेक लोक ‘बंद पडते’ या दोन शब्दांपलीकडे काही सांगत नाहीत. बाई मात्र पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “मिस्त्री, ही एकदम बंद पडत नाही. आधी तिला धाप लागते, मग आचके देते, आणि मग थांबते.” एवढ्या एका वाक्याने निम्मे काम झाले होते. ठिणगी गेली, तर इंजिन बटण दाबल्यासारखे त्या क्षणी मरते. पेट्रोल कमी पडले, तर कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये उरलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन ताकद सोडत, आचके देत थांबते. म्हणजे कॉइल, पॉइंट, कंडेन्सर या दिशेला जाण्याचे काही कारणच नव्हते.

त्यांच्याजवळ एक शाळकरी वहीही होती. गाडी त्यांनी सहकारी शिक्षकाकडून जुनीच घेतली, तेव्हापासून पेट्रोल कधी भरले, किती लिटर, किती किलोमीटर, कोणते काम कोणाकडे केले, हे सगळे त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. घाटातल्या नोंदींपैकी एक मी उतरवून घेतली : ‘दाजीपूरच्या अलीकडे. तिसरा गिअर, ॲक्सिलरेटर पूर्ण. टाकी पाव. दोन आचके, मग बंद. बारा मिनिटांनी सुरू.’ पुढच्या एका नोंदीत टाकी पूर्ण भरलेली होती आणि त्या वेळी गाडी बरीच वर आल्यावर थांबली होती. टाकीतली पातळी आणि बंद पडण्याची जागा यांचा संबंध आहे, हे त्यांनी समासात पेन्सिलीने लिहून ठेवले होते.

हे वाचून माझ्या व्यवसायबंधूंबद्दल जे वाटले ते लिहितोच. सुटा भाग बदलून बघायचा आणि फरक पडला नाही तर पुढचा बदलायचा, ही आता आमच्या धंद्याची सर्रास रीत झाली आहे. नव्या गाड्यांना स्कॅनर लावला की तो बोट दाखवतो. या गाडीला स्कॅनर लावायची जागाच नाही, आणि बोट दाखवणारे यंत्र नसले की आमच्यातले पुष्कळ जण अडून बसतात. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये तर बाईंना सांगण्यात आले, की पंधरा वर्षे उलटून गेलेली गाडी आता कायद्याने भंगारातच जाते. पेट्रोल गाड्यांना पंधरा वर्षांची ती मर्यादा दिल्ली परिसरात घातली गेली. महाराष्ट्रात गाडी तपासणीत उतरली, तर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते, आणि बाईंची नोंदणी २०२४ साली रीतसर वाढवलेली होती. काउंटरवर बसणाऱ्याला एवढेही ठाऊक नसावे आणि तरी त्याने ते ठामपणे सांगावे, याचा मला आजही राग येतो.

मे महिन्यातल्या एका पहाटे आम्ही निघालो. गाडी बाईंनीच चालवायची, ही माझी अट होती, कारण वहीतले दोष त्यांच्या पायाखाली झालेले होते. मागच्या सीटवर माझ्याकडे काम करणारा, आयटीआय झालेला मुलगा आणि हत्यारांची पेटी. निघण्यापूर्वी पंपाकडे येणाऱ्या नळीत टी-जोड घालून मी व्हॅक्यूम गेज, म्हणजे नळीतली ओढ दाखवणारा मापक, बसवला होता. पेट्रोलची कोणतीही नळी केबिनमध्ये घ्यायची नाही, हा माझा नियम असल्यामुळे गेज बॉनेटच्या मागच्या फटीतून बाहेर काढून वायपरला बांधला आणि त्याचे तोंड काचेकडे केले. या गाडीचा पंप इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. ओढताना वाटेत कोठे अडथळा आला, तर काटा चढणार. पंपच थकलेला असेल, तर काटा पडलेला राहणार आणि इंजिन तरीही उपाशी मरणार. एका काट्यावर दोन शक्यता वेगळ्या होत होत्या, आणि यासाठी एकही भाग विकत घ्यावा लागत नव्हता.

राधानगरीपर्यंत काटा दोन इंचांच्या आतच होता (अशा गेजवर ओढ पाऱ्याच्या इंचांत मोजतात). घाट उतरून फोंड्याला चहा घेतला आणि परत फिरलो. चढ लागला, बाईंनी तिसरा गिअर टाकला, आणि काटा सरकू लागला. तीन, चार, पाच. सातच्या जवळ तो थरथरत राहिला आणि इंजिनाचा आवाज बदलला. “आता बघा, लागली धाप,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी गाडी अगदी कडेला घेतली. त्याच क्षणी पहिला आचका बसला. मी मागच्या मुलाला टाकीची टोपी उघडायला सांगितले. काट्यावर फारसा परिणाम झाला नाही, म्हणजे टाकीत हवा येऊ देणारे छिद्र बुजलेले नव्हते. गाडी थांबल्यावर मात्र काटा हळूहळू उतरत गेला आणि तो शून्याजवळ आल्यावर चावी फिरवताच इंजिन सुरू झाले.

बाई पंपावर जे ओले फडके ठेवत, त्याचा उलगडाही तिथेच झाला. आधीच्या एका मेकॅनिकने हा ‘व्हेपर लॉक’ आहे, म्हणजे उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ होते, असे सांगून पंपावर ओले फडके ठेवायचा सल्ला दिला होता. बाई तसे करत आणि गाडी सुरूही होई. सुरू होत होती ती फडके भिजवून, ठेवून, वाट पाहण्यात जाणाऱ्या वेळामुळे. चुकीचा उपाय लागू पडतो तेव्हा तो खऱ्या दोषावर पांघरूण घालतो, आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत असे उपाय वर्षानुवर्षे एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतात.

दाजीपूरच्या सपाटीवर सावलीत गाडी लावली, बॅटरीची वायर सुटी केली, मागची बाजू जॅकवर घेऊन स्टँड लावले आणि लाइन तुकड्यातुकड्याने सोडवली. टाकीतली जाळी मोकळी होती. गाडीखालून जाणारी लोखंडी नळी मोकळी होती. उरला टाकी आणि ती नळी यांना जोडणारा वीतभर रबरी होज. बाहेरून तो जवळपास नवा दिसत होता. वहीत पाहिले तर दोन वर्षांपूर्वी बदलल्याची नोंद होती. मुलाने त्यात फुंकर मारली, हवा सरळ गेली. मी त्याच होजला उलट दिशेने हातपंपाने ओढ दिली, आणि तो बंद झाला. मुलाने माझ्या हातातून पंप घेऊन स्वतः तीच गोष्ट पुन्हा करून पाहिली, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसले, ते पाहायला मिळते म्हणून मी हा धंदा करतो.

ब्लेडने होज उभा चिरला. आतला थर मूळ रबरापासून सुटला होता आणि त्याची एक पातळ जीभ टाकीच्या बाजूला तोंड करून नळीत लोंबत होती. आजवर ज्यांनी ज्यांनी लाइन तपासली, त्यांनी पुढून हवा मारून टाकीत बुडबुडे ऐकले आणि लाइन साफ असल्याचे सांगितले, कारण पुढून आलेली हवा त्या जिभेला भिंतीवर दाबून वाट मोकळी करत होती. पंप ओढतो ते उलट दिशेने. गावात ओढ कमी, त्यामुळे जीभ जागची हलत नसे. चढावर पेट्रोलची गरज वाढली की ती उचलली जाऊन नळी बुजवत असे. टाकी भरलेली असली की पेट्रोल वर ओढायचे अंतर तेवढेच कमी होई आणि गाडी आणखी वर जाऊन थांबे. बाईंच्या समासातल्या पेन्सिलीच्या नोंदीचे हे उत्तर होते.

त्या होजवर कसलेही छापील चिन्ह नव्हते. इंधनाच्या होजवर त्याचा दर्जा छापलेला असतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्यामुळे मी ‘एसएई जे३० आर९’ असे छापलेलाच वापरतो, कारण त्याचे अस्तर इथेनॉलला टिकते. ज्याने पाण्याच्या किंवा हवेच्या कामाचा रबरी तुकडा पेट्रोलच्या वाटेवर बसवला, त्याने फार तर शंभर-दीडशे रुपये वाचवले आणि एका सत्तरीजवळच्या स्त्रीला घाटाच्या वळणावर उभे केले. पेटीतला चांगला होज आणि नव्या क्लिपा लावून आम्ही पुन्हा फोंड्यापर्यंत उतरलो आणि तोच चढ पूर्ण ॲक्सिलरेटरवर चढलो. काटा दोनच्या वर गेला नाही. बाईंनी वर येईपर्यंत एकदाही पाय सैल केला नाही.

सपाटीवर आल्यावर त्या मोकळेपणाने बोलल्या. मुलगा पुण्याला असतो, नवी ऑटोमॅटिक घेऊन देतो म्हणतो. त्यांना ती नको आहे, आणि कारणे त्यांनी नीट सांगितली. ही गाडी बाजारात कोठेही लावता येते, कोणी ओरखडा काढील याची धास्ती नसते. मागची सीट दुमडून नारळ, फणस, आमसुलांचे डबे भरता येतात. साधारण साडेसहाशे किलोची गाडी असल्यामुळे पॉवर स्टिअरिंग नसूनही अरुंद बोळात सहज वळते. आणि आवाजावरून तिला काय हवे आहे ते कळते. मी यात व्यवसायाच्या बाजूने भर घालतो : ७९६ सीसीचे हेच तीन सिलिंडरचे इंजिन ओम्नीतही होते, त्यामुळे भाग अजून मिळतात, बारा इंची टायर मोठ्या गाडीच्या टायरच्या मानाने स्वस्त पडतात, हजार सीसीच्या आतल्या गाडीचा त्रयस्थ विमा २०२२च्या दरानुसार वर्षाला २,०९४ रुपये, आणि जो भाग मिळत नाही, तो कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या लेथवर करून घेता येतो. १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या आणि २०१४च्या जानेवारीत कारखान्यातून निघायच्या थांबलेल्या या गाडीत असे फार थोडे आहे, जे हाताने सोडवता, डोळ्यांनी पाहता आणि समजून घेता येत नाही. स्वस्त जुनी गाडी बाळगण्याचा आनंद मला तरी इथे दिसतो. बाईंनी पाना कधी हातात धरलेला नाही, पण वहीच्या पानांवर त्या माझ्याही आधी त्या नळीच्या जवळपास पोहोचल्या होत्या. ते इतरांनी का ऐकले नाही, याचा विचार करताना दोन कारणे सुचतात : त्या बाई होत्या, आणि गाडी स्वस्तातली होती. तेच वर्णन महागड्या गाडीच्या मालकाने दिले असते, तर कोणीतरी कागदावर उतरवून घेतले असते.

व्यवस्थाही वयच पाहते. खासगी मोटारीची नोंदणी वाढवण्याचे जे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते, ते १ एप्रिल २०२२पासून ५,००० झाले, आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी १०,००० करण्यात आले. त्यावर पर्यावरण कर वेगळा. धूर सोडणारी, ब्रेक नसलेली गाडी रस्त्यावरून हटलीच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. पण प्रदूषणाच्या चाचणीत चोख उतरणाऱ्या, वर्षाला फार थोडी चालणाऱ्या गाडीलाही केवळ जन्मसालावरून तेवढाच भुर्दंड द्यावा लागतो, आणि तो गाडीच्या किमतीच्या मानाने इतका मोठा होतो, की चांगली सांभाळलेली गाडीही लोक भंगारात घालतात. बाईंपुढे हा प्रश्न २०२९ साली येईल.

“खरं सांगा, अजून किती चालेल?” असे त्यांनी विचारले, तेव्हा इंजिनाचा मला घोर नाही, पत्र्याचा आहे, असे मी सांगितले. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा मॅट उचलला की पापुद्र्याने निघतो, आणि डावीकडच्या दाराखालच्या पट्टीत आतून गंज धरला आहे. पुढच्या स्ट्रटच्या, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या दांड्यांच्या, जागा मात्र घट्ट आहेत. त्या गेल्या, तर मी स्वतःच त्यांना गाडी थांबवायला सांगेन, असे बोलणे झाले आहे. पाऊस सुरू होण्यापूर्वी खराब पत्रा कापून नवा वेल्ड करायचे ठरले. नंतर त्यांच्या मुलाचा फोन आला, आईला नव्या गाडीसाठी तयार करा म्हणून. मी त्याला वेल्डिंगचा अंदाजे खर्च सांगितला आणि घाटातल्या नोंदी वाचून दाखवल्या. आईची अशी काही वही आहे, हे त्याला माहीत नव्हते.

गॅरेजमध्ये एक बदल केला आहे. जॉबकार्डावरची ‘तक्रार’ ही एका ओळीची जागा आता अर्ध्या पानाची आहे, आणि गिऱ्हाईक बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचे काम त्या मुलाकडे दिले आहे. तो अजून मधूनच स्वतःचे निदान लिहितो. ते खोडून पुन्हा विचारायला मी त्याला परत पाठवतो.